आडवी रेघ, उभी रेघ

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी सांगलीतल्या एका दुकानात आईसाठी टीव्ही घेतला. त्रेचाळीस इंची. घटस्थापनेच्या दिवसापासून बत्तीस इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता. महिन्यापूर्वी ३२,००० ला असलेला तोच टीव्ही आता २९,५०० ला मिळत होता आणि दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतभर टीव्ही, सगळ्यांवर एकच निळाशार समुद्र, आणि कोपऱ्यातल्या कुठल्यातरी स्पीकरची छातीत बसणारी धडधड. आईला बसायला प्लास्टिकची एक खुर्ची मिळाली होती. पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून ती त्या समुद्राकडे बघत होती. मॉडेल ठरलं, मी कार्ड पुढे केलं, आणि बिल करता करता काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "मॅडम, एक्स्टेंडेड वॉरंटी टाकू ना? दोन वर्षं वाढवून मिळतील. फक्त ३,९९९." मी नको म्हणाले. "पॅनेल गेलं तर वीस हजार जातात मॅडम, बघा." मी पुन्हा नको म्हणाले. पुण्याहून निघतानाच ते ठरवून आले होते. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला.

"मग बिघडला तर कोण येणार?"

तिने मला विचारलं की त्या मुलाला, ते कळलं नाही. मुलगा माझ्याकडे बघायला लागला, मी आईकडे. "बघू गं तेव्हाचं तेव्हा," असं काहीतरी बोलून मी पिन नंबर दाबला. दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्ही भिंतीवर चढला, आईने त्याला हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, आपट्याचं पान ठेवलं. हार स्क्रीनच्या मधोमध लोंबत होता, म्हणून तो बाजूला सारून तिने बातम्या लावल्या. सगळं छान झालं. पण पुण्याला परतताना कराड मागे पडलं तरी तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नव्हता. उत्तर माझ्याकडे होतं, ते पैशांचं होतं. आणि आईने पैशांचं काही विचारलंच नव्हतं.

पैशांचं उत्तर पक्कं आहे, ते आधी सांगते. जादा दोन वर्षांचे ३,९९९ आणि पॅनेल, म्हणजे चित्र दिसतं ती काच, बदलायचा खर्च वीस हजार धरला, तर दर पाच टीव्हींमागे एकाचं पॅनेल त्या नेमक्या दोन वर्षांत गेलं तरच हा व्यवहार बरोबरीत सुटतो. पाचातला एक टीव्ही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात मरायला लागला तर ती कंपनी बाजारात उभी राहणार नाही. शिवाय यंत्रांच्या बिघाडाचा आलेख काढला तर तो मधे खोलगट येतो. इंजिनिअर लोक त्याला बाथटब कर्व्ह म्हणतात, मला तो मधोमध उभ्या कापलेल्या घमेल्यासारखा दिसतो. बनवतानाचा दोष असेल तर वस्तू पहिल्या काही महिन्यांतच बोलते, ती डावीकडची उंच कड. ती कंपनीच्या एका वर्षाच्या वॉरंटीत येते. भाग झिजून, तापून, म्हातारे होऊन जातात ती उजवी कड. ती पुष्कळ वर्षांनी येते. आपण जादा पैसे मोजून विकत घेतो तो बहुतेकदा घमेल्याचा तळ असतो. दुकानातला मुलगा इतक्या कळकळीने सांगतो कारण टीव्हीवर दुकानाला फार सुटत नाही, या कागदावर सुटतं. त्यात त्याचा दोष नाही, त्याला महिन्याचं टार्गेट असतं. हे सगळं मला माहीत होतं, आणि म्हणूनच मी दोनदा नको म्हणाले होते.

आमच्या घरात एक निळी फाइल आहे. बाबांची. मिक्सर, पंखे, इस्त्री, सायकलचा डायनामो, सगळ्यांची वॉरंटी कार्डं त्यात पंच करून लावलेली. बाबा शाळेत मास्तर, त्यामुळे प्रत्येक कार्डाला अनुक्रमांक. सगळ्यात खाली १९८७ च्या टीव्हीचं कार्ड आहे, शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढून घेतलेल्या, लाकडी शटरच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीचं. पुढच्या बाजूला दुकानाचा जांभळा शिक्का. वॉरंटी एक वर्षाची, पण कार्डाची खरी गंमत मागच्या बाजूला आहे. वर्ष संपल्यावर बाबांनी तिथे निळ्या शाईने नोंदी करायला सुरुवात केली. "१४ मार्च १९८९ – व्हर्टिकल – रु. ८५." त्याखाली, "चॅनेलचे बटण – रु. २०." त्याखाली आणखी पाच-सहा. वॉरंटी संपली तिथून त्या कार्डाचा उपयोग सुरू झाला होता.

ते १४ मार्चचं मला नीट आठवतं. व्हर्टिकल म्हणजे चित्र वर-खाली पसरवणारा भाग. आदल्या रविवारी महाभारत चालू असताना चित्र वरून आणि खालून मिटत आलं आणि स्क्रीनच्या मधोमध फक्त एक आडवी पांढरी रेघ राहिली. आवाज व्यवस्थित. वीस-पंचवीस माणसं आमच्या सोप्यात बसलेली, आणि सगळे त्या रेघेकडे बघत संवाद ऐकतायत. शेजारच्या आजींनी हात जोडलेले होते ते तसेच. मेकॅनिककाकांना निरोप गेला. त्यांनी उलटा निरोप धाडला की सेट बंद ठेवा, रेघ तशीच चालू ठेवली तर पिक्चर ट्यूब जळेल. मंगळवारी संध्याकाळी ते आले. सायकलच्या हँडलला रेक्झिनची पिशवी. टीव्ही वळवून मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढलं तेव्हा आत बोटभर जाड, मऊ, काळी धूळ होती. आईला एवढं ओशाळल्यासारखं झालं की ती फडकं घेऊन धावली. काकांनी तिला अडवलं, "वहिनी, लांब. पिन काढली तरी ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट असतात." मग लांब स्क्रू ड्रायव्हर वायरने चासीला जोडून त्यांनी ट्यूबच्या रबरी टोपीखाली सारला. चट्ट. निळी ठिणगी. आम्ही भावंडं भिंतीला चिकटलो.

मग मला काम मिळालं. आईचा कुंकवाचा आरसा आणून टीव्हीसमोर धरायचा. काकांना मागच्या बाजूने प्रीसेट, म्हणजे चित्र जुळवायचे छोटे पेच, फिरवायचे होते आणि फिरवताना पुढचं चित्र दिसायला हवं होतं. मी दोन्ही हातांनी आरसा छातीशी धरून उभी. राळेचा गोडसर धूर, सोल्डरिंगच्या बंदुकीची चुर्र, आणि आरशातून माझ्याकडे बघणारा काकांचा एक डोळा. "थोडा तिरका कर बाळ. अजून. हां, आता हलू नको." सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ती रेघ जाडी झाली, फुगत गेली, आणि तिच्यातून एक बाई बातम्या वाचत बाहेर आली. आधी डोकं चपटं, मग लांबट, मग बरोबर. बाबांनी ८५ रुपये दिले, आईने कांदेपोहे दिले, आणि काकांनी जळका ट्रान्झिस्टर माझ्या हातावर ठेवला. तीन पायांचा, काळा, अजून कोमट. कितीतरी दिवस तो माझ्या कंपासपेटीत होता.

२००५ च्या पुरात घरात कमरेएवढं पाणी आलं. कृष्णेचं पाणी सांगलीतल्या आमच्या गावभागाला नवीन नाही, सामान वर चढवायची सवय सगळ्यांना. पण त्या वेळी घरात १९९६ साली घेतलेला एकवीस इंची कलर टीव्ही होता. तो एकट्याने उचलायचा नव्हताच. पाणी ओसरल्यावर त्याच्या स्पीकरच्या जाळीतून गाळ गळत होता. तेच काका आले, आता सायकलऐवजी मोपेड, केस पांढरे. त्यांनी आतला सगळा सांगाडा बाहेर काढून नळाखाली धरला आणि रंगाच्या ब्रशने गाळ धुतला. वीजेच्या वस्तूला कोणी असं अंघोळ घालताना मी पहिल्यांदा बघत होते. आठ दिवस गच्चीवर उन्हात, ऊन असेल तेवढ्या वेळ. मग एलओटी, म्हणजे ट्यूबला हजारो व्होल्ट पुरवणारा ट्रान्सफॉर्मर, बदलला, दोन-चार कपॅसिटर बदलले, स्पीकर नवा घातला, कारण त्याचा पडदा कागदाचा असतो, तो विरघळून गेला होता. टीव्ही चालू झाला. पुढे कितीतरी वर्षं चालला. तळाच्या कडेला गाळाची एक पिवळट ओळ राहिली होती, ती आईने पुसली नाही.

बाबा गेल्यावर २०१७ च्या दिवाळीत आम्ही पहिला एलईडी घेतला. आई एकटी राहणार म्हणून तेव्हा मी विचार न करता तीन वर्षांचं सगळं संरक्षण विकत घेतलं होतं. भिंतीवर उंच लावला होता, म्हणून निर्धास्त होतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आई विश्रामबागेत मावशीकडे होती आणि पाणी त्या खिळ्याच्याही वर गेलं. घरी परतलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भिजलेल्या गाद्या, फुगलेली कपाटं आणि टीव्ही, टीव्ही, टीव्ही. काळ्या पाट्यांसारखे एकावर एक रचलेले. मी त्या कागदावरच्या नंबरला फोन केला. पलीकडची मुलगी हळुवार बोलली, पण नियम छापलेला होता: पूर, भूकंप, वीज पडणे, आग, हे सगळं बाहेर. मला राग आला, तरी तो तिच्यावर काढण्यासारखा नव्हता. पुराचं संरक्षण हवं असेल तर घरातल्या सामानाचा वेगळा विमा काढावा लागतो, हे मी सही करण्याआधी वाचायला हवं होतं. काकांकडेही गेले. मारुती रोडच्या बोळातलं त्यांचं दुकानही पाण्यात गेलं होतं, ते दारात खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "बोर्ड धुता येतो गं. पॅनेलच्या थरांत शिरलेलं पाणी कसं काढणार? ती काच उघडायची वस्तूच नाही."

त्या रागात दिवाळीला मी दुसरा टीव्ही घेतला. विनावॉरंटीचा. म्हणजे कंपनीचं एक वर्ष होतं तेवढंच.

२०२२ च्या दिवाळीत घरी गेले, आईने टीव्ही लावला, आणि बातम्या देणाऱ्या माणसाच्या डाव्या डोळ्यातून एक उभी हिरवी रेघ वरपासून खालपर्यंत गेलेली दिसली. मी विचारलं, कधीपासून आहे हे? "असेल जूनपासून." जून म्हणजे टीव्हीला तीन वर्षंही झाली नव्हती. मी २०१९ मध्ये तो कागद घेतला असता तर हा बिघाड त्यात बसला असता, हे मला तिथल्या तिथे उमगलं आणि मी ते बोलले नाही. दुसऱ्या दिवशी एक तंत्रज्ञ आला. चप्पल काढून दारातच उभा राहिला, झाकण उघडलं नाही, पिशवी उघडली नाही, मोबाइलवर एक फोटो काढला. काचेच्या कडेला केसासारख्या बारीक तारांची पातळ पट्टी चिकटवलेली असते, ती सुटली की त्या तारांवर चालणारा उभा पट्टा मरतो, असं त्याने समजावलं. ती पुन्हा चिकटवायचं मशिन त्याच्याकडे नव्हतं. पॅनेल बदलायचं तर १८,५००. टीव्ही घेतला होता २४,००० ला. आईने त्याला चहा विचारला, त्याला पुढच्या दोन कॉलवर जायचं होतं. तो गेल्यावर आई म्हणाली, "राहू दे की. दिसतंय की सगळं. एक रेघ तर आहे."

त्या एका रेघेसकट तिने तीन वर्षं टीव्ही बघितला. मी दर खेपेला नवा घेऊया म्हणायची, ती दर खेपेला पुढच्या पाडव्यावर ढकलायची. क्रिकेट बघताना चेंडू रेघेमागे जायचा आणि दुसरीकडून बाहेर यायचा. कीर्तनकारांचा चेहरा दोन भागांत. एकदा तिच्याशेजारी बसून मी अर्धा तास बघितलं आणि माझे डोळे सारखे त्या हिरव्या रेघेवर जाऊन बसायचे. तिचे जात नव्हते, किंवा तिने तसं दाखवलं नाही. ते जून ते दिवाळीचे पाच महिने मला अजून बोचतात. रोज रात्री आम्ही फोनवर बोलत होतो. भाजीचे भाव, गुडघा, शेजारच्यांचं बांधकाम, सगळं सांगितलं, रेघेचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी खर्चात पडले असते, सुटी काढून आले असते. काका तर आता दुकान बंद करून मुलाकडे गेलेत. काकांना बोलावण्यात तिला कधी संकोच वाटला नव्हता, कारण ते यायचेच, ८५ रुपये घ्यायचे, पोहे खायचे. त्यांना बोलावणं म्हणजे कोणाला त्रास देणं नव्हतं. फोनवर एक दाबा, दोन दाबा करून, अनोळखी माणसाला घरी आणून, तो किती मागेल याची धास्ती घेत बसणं तिला जमत नव्हतं. त्यापेक्षा रेघ बरी.

हे मला गाडीत, कराडच्या पुढे कधीतरी लक्षात आलं. "कोण येणार" यात "मी कोणाला हक्काने बोलावू" हे विचारलेलं होतं. ज्या माणसांना आयुष्यभर कोणाकडे काही मागायची सवय नाही, ती आधीच भरलेल्या पैशांचं मात्र मागू शकतात. आई रेशनच्या दुकानात हक्काने बोलते, वीजबिल जास्त आलं तर थेट कचेरीत जाऊन उभी राहते. कारण तिथे तिचं काहीतरी जमा आहे. मी बरोबरीत सुटण्याचं गणित मांडलं होतं, त्यात टीव्ही बिघडला तर किती जातील एवढंच होतं. टीव्ही बिघडूनही सांगितलं नाही तर किती जातं, याला त्यात रकानाच नव्हता.

त्याच आठवड्यात मी वाचायला बसले. दुकानातल्या मुलाने बिलासोबत दिलेलं माहितीपत्रक आणि कंपनीच्या स्वतःच्या जादा वॉरंटीचं पत्रक, दोन्ही शेजारी ठेवून. दुकानाच्या कागदावर सेवा देणारी तिसरीच संस्था होती. दरवर्षी भरपाईची रक्कम उतरत जाणार होती, आणि सुटा भाग मिळाला नाही तर पैसे त्याच दुकानाच्या कूपनाच्या रूपाने. कंपनीचा प्लॅन पहिलं वर्ष संपायच्या आत कधीही घेता येत होता, दोन वर्षांचे २,८००, आणि पॅनेल त्यात आहे हे स्पष्ट लिहिलेलं. बाहेर काय काय, ते दोन्हीकडे जवळपास सारखं होतं. पूर आहेच. पडून फुटणं, काचेला तडा. आणि एका ओळीत "उंदीर, झुरळे, पाली इत्यादींमुळे होणारे नुकसान". ती ओळ वाचून मी आईला फोन लावला, कारण आमच्या घरात टीव्हीच्या मागच्या ऊबेला पाल येऊन बसते हे मला लहानपणापासून माहीत आहे. पॉवर सप्लायच्या दोन टोकांना तिचं अंग एकदम लागलं की पालही जाते आणि बोर्डही. आई म्हणाली, "आता कसला टीव्ही, इकडं वीज कडाडतीय, मी पिन काढून बसलीय. केबलचीपण." परतीचा पाऊस होता. गेली अडतीस वर्षं ढग गडगडला की पहिली पिन निघते ती टीव्हीची, आणि त्यात आमच्या घरचे किती बोर्ड वाचले असतील ते कुठल्याच कार्डामागे लिहिलेलं नाही.

मग मी कंपनीच्या नंबरवर फोन करून एकच प्रश्न विचारला. गावभागात माणूस कुठून येतो? मिरजेहून, म्हणाले, तक्रार नोंदवल्यापासून दोन दिवसांत. मी २,८०० भरले. मला ठाऊक आहे की हिशेबाने हे बहुतेक वाया जाणारे पैसे आहेत. माझ्या पुण्याच्या घरी टीव्ही घेईन तेव्हा ते मी भरणार नाही. कोणी मला विचारलं घेऊ का, तर मी आधी विचारेन की तो टीव्ही बघणार कोण, आणि बिघडला तर ते माणूस फोन करेल का.

दिवाळीला गेले तेव्हा प्लॅनचा कागद छापून नेला आणि निळ्या फाइलमध्ये लावला. अनुक्रमांक मी घातला, बाबांच्या पुढचा. फाइलच्या आतल्या पुठ्ठ्यावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ पण लिहून ठेवला. आईने कंपनीचा टोल-फ्री नंबर दिनदर्शिकेच्या कडेला स्केचपेनने मोठ्या आकड्यांत उतरवून घेतला आणि दोनदा वाचून दाखवला. पैसे किती भरलेस, विचारलं. सांगितले. ती काही बोलली नाही, कागदाच्या कोपऱ्यावरून हात फिरवला आणि फाइल कपाटात ठेवली.

परवा रात्रीच्या फोनवर गुडघा झाला, भाजी झाली, आणि मग ती म्हणाली, "उद्या अकरा वाजता मिरजेहून तो माणूस येतोय." मी घाबरून विचारलं, काय झालं? "विशेष काही नाही. आवाज जरा चिरकल्यासारखा येतोय कीर्तनाला. म्हटलं, पैसे भरलेत ना, येऊन बघून जाऊ दे." पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. "आणि ऐक, पोहे करू का चहाच पुरे त्याला? अकराला पोहे बरे वाटतील ना?"